जुन्या पॉवरशॉटमध्ये सीएचडीके टाकताय? आधी व्हर्जन बघा

कॅननचा जुना पॉवरशॉट कपाटात पडून असेल तर त्यात सीएचडीके, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यांना जास्तीच्या सोयी देणारं फुकट सॉफ्टवेअर, टाकून बघा. रॉ फोटो (सेन्सरचा कच्चा डेटा), ठरावीक वेळाने आपोआप शॉट, लाइव्ह हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) असलं बरंच काही मिळतं. कॅमेरा खराब होईल म्हणून घाबरवणारे खूप भेटतील, पण हे कार्डवरून रॅममध्ये चढतं आणि कॅमेरा बंद केला की जातं, कॅननचं मूळ फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं आतलं सॉफ्टवेअर, आहे तसंच राहतं.

खरी गोची व्हर्जनची. "मॉडेल बघा आणि डाउनलोड करा" हा सल्ला अर्धवट आहे, कारण एकाच मॉडेलमध्ये फर्मवेअरची वेगवेगळी व्हर्जन्स असतात, एसएक्स१३० मध्येच १.०१सी आहे, १.०१डी आहे, आणि सीची फाइल डीला चालत नाही. अंदाजाने टाकू नका, कॅमेरा हँग होतो आणि बॅटरी काढत बसावं लागतं. व्हर्जन बघायला कार्डवर, कुठल्याही फोल्डरमध्ये नाही तर थेट बाहेर, दोन रिकाम्या फाइली करायच्या: व्ही-ई-आर डॉट आर-ई-क्यू आणि व्ही-ई-आर-एस डॉट आर-ई-क्यू. जुन्या मॉडेलना पहिली लागते, नव्यांना दुसरी. मग प्ले बटणाने कॅमेरा चालू करून फंक-सेट (FUNC/SET) बटण दाबून धरायचं आणि डिस्प (DISP) दाबायचं. काहीच दिसलं नाही तर दहातल्या नऊ वेळा दोष विंडोजचा, ते गुपचूप मागे डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि आपल्याला दाखवतही नाही! फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग आधी चालू करा, मग कॅमेऱ्याला शिव्या द्या.

व्हर्जन कळलं की त्याचीच झिप उतरवा, उघडा, सगळं कार्डवर टाका. प्ले मोडमध्ये मेनूच्या तळाशी 'फर्म अपडेट' येतं, ते दाबलं की झालं.

दरवेळी हे करायचा कंटाळा येतोच, म्हणून सीएचडीकेच्या मेनूतून कार्ड बूटेबल करा आणि कार्डाच्या कडेचं लॉक खाली सरकवा, मग कॅमेरा चालू केला की सीएचडीके आपोआप चढतं. हो, लॉकच, एरवी लॉक कार्डावर काही लिहिता येत नाही, पण सीएचडीके असलं की फोटो तरी सेव्ह होतात, इथे लोक उगाच वाद घालतात. अगदी जुन्या मॉडेलना मात्र २ जीबीचं कार्ड शोधा, मोठ्यावरून त्यांच्यात सीएचडीके आपोआप सुरू होत नाही. आणि कॅमेऱ्यातून कार्ड फॉरमॅट केलंत की सीएचडीके पण पुसलं जातं, फोटो नुसते डिलीट करा.

रॉ सुरुवातीला बंदच ठेवा, प्रत्येक शॉटला कॅमेरा रेंगाळतो. वळवाच्या पावसात वीज पकडायची असेल तर मोशन डिटेक्शनची स्क्रिप्ट (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा छोटा प्रोग्राम) आधी लावून बघा, ट्रायपॉड हवाच.