जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनातील दोष कसा शोधावा

जुन्या डिझेल गाडीचे इंजिन बिघडले की संशय बहुतेक वेळा सर्वप्रथम डिझेल पंपावर किंवा नोझलवर (सिलिंडरमध्ये डिझेलचा तुषार सोडणाऱ्या भागावर) घेतला जातो, आणि नेमके हेच भाग उघडणे सर्वांत खर्चिक असते. प्रत्यक्षात बंद पडलेला ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा विजेचा भाग), चोंदलेला फिल्टर, तडकलेला रबरी पाईप किंवा अशक्त बॅटरी यांच्यामुळेही तीच लक्षणे दिसतात. म्हणून तपासणी साध्या गोष्टींपासून सुरू करावी आणि पंपाला सर्वांत शेवटी हात लावावा. पुढील विवेचन मुख्यतः यांत्रिक पंप असलेल्या इंजिनांना लागू आहे; कॉमन रेल इंजिनांतील (म्हणजे सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळणाऱ्या नव्या इंजिनांतील) महत्त्वाचे फरक त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत योग्य क्षणी बारीक तुषारांच्या रूपात आलेले डिझेल आपोआप पेट घेते. याचा अर्थ दोष आला की कॉम्प्रेशन (हवेचा दाब) आणि त्यातून मिळणारी उष्णता, डिझेलचा पुरवठा आणि त्याची वेळ (टायमिंग) यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. ते कोणते, याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे दोष नेमका केव्हा दिसतो हा. थंड इंजिन सुरू होत नाही की गरम झालेले, धूर सकाळी पाच मिनिटे येतो की दिवसभर, ताकद चढावर कमी पडते की सपाट रस्त्यावरही, हे आधी शांतपणे पाहून लिहून ठेवावे.

गाडी सुरूच होत नसेल तर सेल्फ सुमारे दहा सेकंद मारावा आणि दुसऱ्या व्यक्तीला सायलेन्सरकडे पाहायला सांगावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे दोष उष्णतेचा, कॉम्प्रेशनचा किंवा टायमिंगचा आहे. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. ही एकच खूण निम्मे काम करते. मात्र इंजिन पुरेशा वेगाने फिरत नसेल तर हवा तापतच नाही, म्हणून सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. तो १० व्होल्टच्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहावी. टायमिंग बेल्ट (पिस्टन व व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) तुटल्याची किंवा सरकल्याची शंका असेल, तर मात्र सेल्फ मारू नये, कारण पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

ग्लो प्लगची तपासणी सोपी आहे. प्लगांना जोडणारी पट्टी काढावी, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा आणि टोक एकेका प्लगवर टेकवावे. दिवा लागला नाही तो प्लग जळालेला आहे. सगळे प्लग ठीक निघाले तर किल्ली फिरवल्यावर पट्टीवर १२ व्होल्टच्या जवळपास पुरवठा येतो का ते पाहावे. येत नसेल तर दोष रिले किंवा फ्यूजचा असतो. चारपैकी एकच प्लग गेला असेल तर गाडी सुरू होते, पण थोडा वेळ मिस करते (एक सिलिंडर न पेटल्याने अडखळत चालते) आणि पांढरा धूर टाकते. सुरू करण्यासाठी मिळणारा ईथरचा फवारा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात कधीही वापरू नये. तो अवेळी पेटून रिंग किंवा पिस्टन तुटू शकतो.

धूर येत नसेल तर आधी पंपावरील स्टॉप सोलेनॉइड (डिझेलची वाट उघड-बंद करणारा विजेचा भाग) पाहावा. किल्ली फिरवताच त्याचा बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज नसेल तर त्याच्या वायरवर पुरवठा आहे का ते मोजावे. पुरवठा असूनही आवाज नसल्यास सोलेनॉइड अडकलेला किंवा जळालेला आहे.

यानंतरचा दोष सर्वांत फसवा असतो, तो म्हणजे डिझेलमध्ये एअर येणे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, किंवा ती सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडते आणि मग दिवसभर नीट चालते, ही त्याची ठळक लक्षणे होत. अनेक जण गळती शोधतात आणि कोठेही डिझेलचा थेंब न दिसल्याने पाईप निर्दोष समजतात. परंतु अनेक गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीखाली असतो, त्यामुळे तेथील फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा बसवावा आणि इंजिन चालू ठेवून पाहावे. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्यावेत, पण त्यांची सलग माळ दिसली तर हवा फिल्टरपर्यंतच्या मार्गातून येते आहे. आता टाकीचा पाईप काढून पंपाला स्वच्छ डिझेलच्या डब्यातून थेट पुरवठा द्यावा. दोष नाहीसा झाला तर तो टाकी, पाईप, हँड प्रायमर (डिझेल हाताने पुढे ढकलण्याचा छोटा पंप) किंवा फिल्टरच्या रबरी रिंगमध्ये आहे, आणि पंप निर्दोष आहे. नोझलवरील बारीक परतीच्या नळ्या (जास्तीचे डिझेल परत नेणाऱ्या) व शेवटच्या नोझलवरील टोपीही तपासावी, कारण जुने रबर कडक होऊन तडकते. दुरुस्तीनंतर फिल्टरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर दाबावा.

याच मार्गावर आणखी एक दोष लपलेला असतो. गाडी नीट निघते, काही अंतरानंतर ताकद कमी होत जाते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा ठीक होते. अशा वेळी टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा जोराचा आवाज आला तर झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. आवाज नसेल तर फिल्टर आणि टाकीतील जाळी पाहावी. फिल्टरच्या तळाचे पाणी काचेच्या बाटलीत काढावे, म्हणजे पाण्याचा थर आणि गाळ दोन्ही दिसतात.

इंजिन मिस करत असेल किंवा एकाच सिलिंडरमधून ठोका येत असेल, तर एकेका नोझलच्या पाईपचा नट अर्धा-पाऊण फेरा सैल करावा, म्हणजे त्या सिलिंडरचे डिझेल थांबते. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तेथेच आहे. आणि ठोका थांबला तर तो बहुधा त्याच नोझलचा आहे. हातमोजे व चष्मा घालावा, नटाभोवती कापड ठेवावे आणि हात तेथून दूर ठेवावा. दाबाखालील डिझेलचा तुषार कातडीतून आत शिरू शकतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल इंजिनात दाब एक हजार बारच्या पुढे जातो, म्हणून तेथे चालू इंजिनावर हा नट कधीही सैल करू नये. त्याऐवजी प्रत्येक नोझलचे परतीचे डिझेल वेगळ्या बाटलीत मोजावे. ज्याची बाटली सर्वांत आधी भरते तो नोझल झिजलेला समजावा.

दोषी सिलिंडर सापडल्यावर त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवावा. वॉशर मात्र दर वेळी नवे घ्यावेत. दोष नोझलबरोबर गेला तर नोझलची तपासणी करून घ्यावी. तो जागीच राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल इंजिनाचा गेज येथे चालत नाही. जुन्या डिझेल इंजिनांत साधारण २५ ते ३४ बार हे आकडे समाधानकारक, आणि सुमारे २० बारच्या खाली इंजिन झिजलेले, असे समजले जाते. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहावी. सिलिंडरांमधील फरकही मोजावा, कारण थंडीत एकच सिलिंडर मागे पडणे हे बहुधा त्या फरकामुळे होते. सिलिंडरमध्ये तेल टाकून पुन्हा मोजण्याची पेट्रोल इंजिनातील युक्ती येथे फसवी ठरते; ज्वलनकक्ष इतका लहान असतो की तेलाच्या आकारमानानेच आकडा वाढतो.

गाडी चालताना येणाऱ्या धुराचा रंगही बोलका असतो. सततचा काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाईप व उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आधी पाहावेत, नोझल नंतर. जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर येणारा काळसर धूर मात्र जुन्या इंजिनात मी दोष मानत नाही. निळा धूर तेल जळल्याचा असतो. बराच वेळ स्लो चालल्यानंतर पहिल्या रेसला आला तर व्हॉल्व्हचे सील, आणि भार पडताच वाढून ब्रीदरमधूनही (इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतूनही) येऊ लागला तर पिस्टनच्या रिंग संशयित ठरतात. टर्बोचा सील फुटून इंजिन स्वतःचेच तेल पिऊन आवरेनासे झाले, तर किल्ली बंद करून उपयोग नसतो. गिअरची गाडी जागेवर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून बंद पाडावी. गरम इंजिनातही न थांबणारा पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर न जळलेले डिझेल व टायमिंग, आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट व हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधील सील) तपासावे. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा पाईप मिनिटभरात टणक झाला तर गॅस्केटची शंका बळावते. डिपस्टिकवरील ऑईलची पातळी आपोआप वाढत असेल, तर त्यात डिझेल किंवा कूलंट मिसळते आहे. अशी गाडी चालवू नये.

थंड असताना झटकन सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर सुरू होत नसेल आणि सेल्फ जोरात फिरत असेल, तर मात्र रोटरी पंपाच्या (एकाच फिरत्या भागातून सर्व सिलिंडरांना डिझेल देणाऱ्या पंपाच्या) अंतर्गत झिजेचा विचार करावा, कारण गरम झालेले पातळ डिझेल झिजलेल्या फटींतून निसटते. इंजिन बंद ठेवून पंपावर ओले कापड गुंडाळावे. पंप थंड झाल्यावर गाडी सुरू झाली तर पंप काढण्यास सबळ कारण मिळाले. काढण्यापूर्वी पंप आणि त्याची बैठक यांवर जुळणारी खूण करावी, उघड्या तोंडांना लगेच टोप्या लावाव्यात आणि परत बसवताना केवळ खुणेवर न विसंबता मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे डायल गेजने टायमिंग जुळवून घ्यावे.