दोन-तीन सीझन खेळून बंद पडलेल्या पेठेतल्या टीमचा इतिहास कसा जमवायचा

पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी, खंडोबा या फुटबॉल टीमांबद्दल कोल्हापुरात कुणालाही विचारा, रात्र सरेल पण बोलणं संपणार नाही. पण यांच्याच विरुद्ध शाहू स्टेडियमवर उतरून दोन-तीन सीझनमध्ये गायब झालेल्या टीमा पण आहेत की, त्यांचं कुणी लिहीत नाही, आणि त्यातली पोरं आता साठी-सत्तरीला आलीत, म्हणून हे काम आत्ताच करायला पाहिजे.

पहिलं म्हणजे बंद पडलेल्या टीमच्या गल्लीत जाऊन सुरुवात करू नका, तिला हरवणाऱ्यांकडं जा. जिंकलेली तालीम, म्हणजे टीम चालवणारं मंडळ, फोटो, ढाली, कात्रणं सगळं जपून ठेवते, आणि त्या कपाच्या वाटेत कुठल्यातरी राउंडला तुमची टीम सापडतेच. अमेरिकेत छोट्या गावांच्या मायनर लीग बेसबॉल टीमांचा इतिहास पण असाच जुळवता येतो, गावचा पेपर मिळाला नाही तर समोरच्या टीमच्या गावचा पेपर बघायचा, मॅचचा स्कोअर दोन्हीकडं छापलेला असतो. तिथली ब्लू रिज लीग १९१५ ला सुरू झाली आणि १९३० च्या सीझननंतर मंदीच्या काळात संपली. त्या लीगमधल्या मार्टिन्सबर्गकडून १९२० ला लेफ्टी ग्रोव्ह खेळला, पुढं मेजर लीगमध्ये ३०० मॅच जिंकणारा बॉलर. वादळात पडलेलं मैदानाचं कुंपण परत उभं करायला पैसे पाहिजेत म्हणून त्याला बाल्टिमोरला विकला असं सांगतात. अशा गोष्टी आपल्याकडं पण प्रत्येक कट्ट्यावर मिळतील, लिहून घ्याच, पण "असं सांगतात" म्हणूनच लिहा.

मग जुने पेपर. 'पुढारी' दैनिक म्हणून १९३९ पासून निघतोय, आणि करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, तिथं आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात कुठल्या वर्षांच्या फाइली बघायला मिळतील ते आधी विचारून घ्या. पूर्ण वर्ष चाळत बसू नका, फुटबॉलचा सीझन हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो तेवढेच महिने बघा. प्रत्येक मॅचची तारीख, स्पर्धा, समोरची टीम, गोल, टायब्रेकर झाला का, एवढं वहीत उतरवा. नावाच्या पुढचा 'अ' आणि 'ब' नीट बघा, नाहीतर 'ब' टीमची हार 'अ' च्या नावावर जाईल. साळोखे, जाधव, पाटील ही आडनावं दर दुसऱ्या टीममध्ये आहेत, त्यामुळं आडनावाबरोबर टोपणनाव आणि गल्ली विचारल्याशिवाय कुणाला टीममध्ये धरू नका.

सगळ्यात महत्त्वाची माझ्या मते खेळाडू नोंदणीची बातमी. टीम का बंद पडली विचारलं की प्रत्येकजण वेगळं सांगतो, पैसे नव्हते, भांडण झालं, पोरं नोकरीला लागली. पण पुढच्या सीझनला केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) त्याच पोरांची नावं कुठल्या टीममधून नोंदवली गेली ते बघा. सगळी एकाच मोठ्या तालमीत गेली असतील तर टीम ओढून नेली, इकडं तिकडं विखुरली असतील तर आतूनच फुटली, आणि नावंच दिसत नसतील तर नोकरीचं कारण खरं असण्याची शक्यता जास्त.

म्हातारी मंडळी सन विसरतात, पण पूर विसरत नाहीत. "काका, कुठल्या साली?" असं विचारू नका, "ही मॅच ८९ च्या पुराच्या आधीची का नंतरची?", "८३ चा वर्ल्ड कप झाला होता का?" असं विचारा, वर्ष आपोआप जवळ येतं. शक्यतो दोघा-तिघांना एकत्र बसवा, एकानं चुकीचा गोलकीपर सांगितला की दुसरा तिथंच अडवतो. आणि काकूंना विसरू नका, टीमच्या जर्सी कुणाच्या घरी धुतल्या जायच्या, मॅच झाल्यावर जेवण कुणाकडं असायचं, हे त्याच सांगतात.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, फ्रेमसकट सावलीत ठेवून मोबाइलनं त्याचा फोटो काढा. मागची बाजू बघायला मिळाली तर तिचा पण काढा, स्टुडिओचा शिक्का, कधीकधी तारीख मिळते. पंचगंगेकाठच्या कितीतरी घरांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलं, म्हणून "फोटो नाही" म्हणाले तरी पाहुण्यांकडं, बहिणीच्या सासरी एखादी कॉपी आहे का विचारा.

लिहिताना पेपरात २-१ आणि काकांच्या आठवणीत ३-१ असेल तर दोन्ही द्या, कुठलं कुठून आलं ते शेजारी लिहा. छापून झाल्यावर पहिली कॉपी फोटो देणाऱ्या घरी, दुसरी वाचनालयात, आणि एक त्या हरवणाऱ्या तालमीत द्या, त्यांच्या कपाटात ती टिकेल.