पोकळ माल जड का भरला? फौंड्रीत सिम्युलेशन शिकताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी लागलो, तेव्हा बायोडेटावर कास्टिंग सिम्युलेशनचं (साच्यात धातू कसा भरतो, कसा थिजतो हे कॉम्प्युटरवर आधी पाहण्याचं) सर्टिफिकेट होतं आणि रस, म्हणजे वितळलेला धातू, ओतताना मी एकदाही पाहिलेला नव्हता. मेथड्स इंजिनिअर म्हणून, म्हणजे साच्याची आणि ओतण्याची आखणी करणारा म्हणून, रुजू झालो. एसीची छोटी केबिन, दोन मॉनिटर. काचेपलीकडे भट्टी.

पहिल्या महिन्यात हातात आलं ते एसजी आयर्नचं (ग्राफाइटच्या गोळ्या असलेल्या ओतीव लोखंडाचं) बेअरिंग हाउसिंग. अंगाला पातळ, एका बाजूला जाड बॉस, म्हणजे फुगीर उंचवटा. त्या बॉसच्या पोटात श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) यायचं. मशिनशॉपला ड्रिल मारलं की भोक उघडं पडायचं आणि माल परत यायचा. मी मॉडेल काढलं, मेश पाडली (गणितासाठी मॉडेलचे छोटे तुकडे केले), रायझर (आकसणाऱ्या धातूला रस पुरवणारा साच्यातला साठा) वाढवला, त्याची मान रुंद केली. दोन रात्री कॉम्प्युटर चालला. पडद्यावर बॉस शेवटपर्यंत रायझरकडून रस ओढत होता, पोकळीचा लाल ठिपका कुठेही नाही. रंगीत रिपोर्ट छापून मालकांना दिला. पॅटर्न (वाळूत साचा उमटवणारा नमुना) बदलला, ट्रायलचे बारा बॉक्स (वाळूच्या साच्यांच्या पेट्या) ओतले, सगळे बॉस कापले. सात चांगले निघाले, पाच पोकळ.

मी केबिनमध्ये जाऊन मेश आणखी बारीक केली. उत्तर तेच.

मोल्डिंगला आमच्याकडे एक मामा होते, तीस वर्षं वाळूत काढलेले. ते कापलेले पीस चाळत म्हणाले, "सायेब, पोकळ पीस हाताला जड लागतोय बघा." मला हसू आलं. पोकळ वस्तू जड कशी असेल? तरी काट्यावर ठेवले. पाचही पोकळ पीस चांगल्या पिसांपेक्षा जड भरले.

याचं कारण समजायला मला आठवडा लागला, आणि सिम्युलेशन म्हणजे काय हे तिथेच पहिल्यांदा कळलं. एसजी आयर्न थिजताना त्यातला कार्बन ग्राफाइटच्या गोळ्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि जागा व्यापतो, म्हणजे धातू आतून फुगतो. साचा कडक असेल तर हा फुगवटा बाहेर जाऊ शकत नाही, आतल्याच आकुंचनाची भरपाई करतो. साचा मऊ असेल तर भिंत मागे सरकते. साच्यातली जागा मोठी होते, रायझरमधून जास्त रस आत जातो म्हणून वजन वाढतं, आणि तरीही शेवटी थिजणाऱ्या बॉसला रस पुरत नाही. हार्डनेस टेस्टर लावून पाहिलं तर चांगल्या साच्यांचं रीडिंग ८५च्या वर होतं, शिफ्ट संपता संपता ठोकलेल्या साच्यांचं साठीत. वाळूत त्या दिवशी पाणीही जास्त पडलं होतं. सॉफ्टवेअरने मात्र साच्याची भिंत दगडासारखी अचल धरली होती. तसं धरायला मीच सांगितलं होतं, कारण तो पर्याय कुठे असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रायझर पुन्हा लहान केला. ठोकणं सुधारल्यावर लहान रायझरही पुरला.

या क्षेत्रात येणाऱ्याला म्हणून मी आधी सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. पहिले तीन महिने इमर्शन पायरोमीटर (रसात बुडवून तापमान मोजायचं यंत्र), मोबाइलचा कॅमेरा आणि वही घेऊन शॉपवर उभं राहा. भट्टीवरच्या नोंदवहीत एक तापमान असतं आणि लॅडलमधून (रस वाहून नेणाऱ्या भांड्यातून) शेवटचा बॉक्स भरताना दुसरंच. आमच्याकडे पहिला बॉक्स १४०० अंशांना भरला तर शेवटचा १३४०च्या आसपास जायचा. सिम्युलेशनमध्ये सगळे बॉक्स १४०० धरले तर कोल्ड शट (थंड पडलेला रस नीट न जुळल्याने राहणारी फट) कुठून आला हे पडदा कधीच सांगणार नाही. भरायला लागणारा वेळही व्हिडिओ काढून मोजा. ओतणाऱ्याला विचारलं तर तो "धा सेकंद" म्हणतो, आणि निघतात सतरा.

मग हाताने गणित. च्वोरिनोव्हचा १९४०चा नियम साधा आहे: थिजायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ, याच्या वर्गाच्या प्रमाणात. या भागाकाराला मॉड्युलस म्हणतात. ६० मिमीच्या घनाचं मॉड्युलस १० मिमी येतं, आणि २० मिमी जाडीच्या मोठ्या पाटीचंही १०च. दिसायला जमीन-अस्मानाचा फरक, पण नियमाप्रमाणे दोन्ही बरोबरीने थिजतात. पोलादाच्या तुकड्याला रायझर देताना रायझरचं मॉड्युलस तुकड्याच्या १.२ पट ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे इथे १२ मिमी हवं, आणि उंचीइतकाच व्यास धरला तर ७२ मिमीचा गोल रायझर. हे कागदावर दोन मिनिटांत होतं. रन लावण्याआधी स्वतःचं उत्तर लिहून ठेवा. कॉम्प्युटरचं उत्तर फारच वेगळं आलं तर बहुतेक वेळा मॉडेलमध्ये चूक असते. माझ्याकडे एकदा मिलिमीटरऐवजी इंचांत फाइल उघडली होती.

डेटाबेसची गोष्ट वेगळीच. सॉफ्टवेअरसोबत येणारी वाळू ही कुणाची तरी वाळू असते. बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी घातलेली आपली ग्रीन सँड तशीच वागेल असं नाही. धातू आणि साचा यांच्यामधून उष्णता किती वेगाने जाते, हा आकडा तर सगळ्यात संशयास्पद. तुकड्यात आणि वाळूत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून एकदा तरी थंड होण्याचा आलेख काढावा आणि आकडा त्याच्याशी जुळवावा. दोनशे रुपयांची तार आणि एक वाया गेलेला पीस, एवढाच खर्च. निकालातल्या रंगांचंही तसंच. नियामा निकष (पोकळी कुठे पडेल याचा अंदाज देणारा) १९८२मध्ये पोलादाच्या कास्टिंगसाठी मांडला गेला. ग्राफाइट फुगणाऱ्या लोखंडाला तो जसाच्या तसा लावून पोरं पानभर लाल डाग दाखवतात आणि मग सगळीकडे रायझर डकवतात.

शिकायला पैसे लागतातच असं नाही. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने ऑटोकास्ट हे कास्टिंगचं सॉफ्टवेअर विकसित केलं आणि ई-फाउंड्री नावाने कास्टिंगचे धडेही ऑनलाइन आणले. ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात बुडून महिना जाईल याची तयारी ठेवा. मॅग्मासॉफ्ट, प्रोकास्ट ही सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला गेल्यावर शिकता येतात. त्रिमिती मॉडेलिंग मात्र पक्कं हवं, कारण ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून पॅटर्नचं मॉडेल करताना ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून दिलेला उतार), मशिनिंगची भर आणि आकुंचनाची भर तुम्हालाच टाकावी लागते. ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

डिप्लोमावाल्या मुलांना वाटतं की हे काम इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्यांचं. माझा अनुभव उलटा आहे. ज्याने सहा महिने फेटलिंगला माल घासलाय, त्याला रिजेक्शन कुठे येतं हे डोळे मिटून सांगता येतं. मेश पाडणं त्याला पंधरा दिवसांत येतं.

मामा आता निवृत्त झालेत. वाळू मुठीत दाबून, मोडून बघायची त्यांची सवय मला लागली आहे, मॉइश्चर टेस्टर शेजारी असला तरी. सध्या टेबलावर एक ब्रॅकेट पडून आहे. पाऊस सुरू झाला की त्याच्या पृष्ठभागाखाली टाचणीच्या डोक्याएवढी भोकं येतात, दिवाळीनंतर जातात. तीन रन लावून झाले, तिन्हींत पीस स्वच्छ. आता कोअर (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) बनवतात त्या कोअर शॉपमध्ये हवेची आर्द्रता मोजायचं यंत्र टांगलंय आणि कोअर बनवल्यापासून बॉक्समध्ये बसेपर्यंत किती तास जातात, त्याची नोंद चालू आहे.