जुन्या ४०७ चं गिअर ऑइल: आधी वरचा नट, मग खालचा

आमची टाटा ४०७ सन १९९८ ची. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशी मार्केटला जाते, बऱ्याचदा माळशेज उतरून. भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा सगळा भार दुसऱ्या गिअरवर असतो. इंजिनचं ऑइल सगळे वेळेवर बदलतात, गिअरबॉक्सकडे मात्र गिअर कर्रकर्र वाजायला लागल्याशिवाय कुणी वाकून बघत नाही. मी दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ते घरीच बदलतो. दोन तासांचं काम आहे.

आधी ऑइलचं बोलतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. दुकानात जाऊन नुसतं "नव्वद नंबर द्या" म्हणू नका. नव्वद हा फक्त जाडीचा आकडा. डब्यावर जीएल-४ आहे की जीएल-५ ते वाचा; ते ऑइल कुठल्या कामाच्या दातांसाठी आहे हे त्यावरून कळतं. गिअर पडताना आतली पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या उतरत्या कडेवर घासते, दोघांचा वेग सारखा करते, मग दात बिनबोभाट बसतात. म्हणजे त्या रिंगला थोडी पकड लागतेच. जीएल-५ हे क्राऊनसारख्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्रासारख्या) जबर दाबाच्या दातांसाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसचं मिश्रण जास्त, त्यामुळे रिंग घसरते, आणि तापल्यावर ते गंधक पितळ खातं. एका गॅरेजात माझ्या गाडीला क्राऊनचंच ऑइल गिअरबॉक्समध्ये भरलं होतं. काही महिन्यांत तिसरा गिअर वाजायला लागला. खोललं तर रिंगेच्या बारीक रेघा गुळगुळीत झालेल्या. तेव्हापासून डबा मी स्वतः आणतो: ८०डब्ल्यू-९०, जीएल-४. आमच्याकडे थंडीत पहाटे साधं नव्वद गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर पडता पडत नाही; थंडीतही पातळ राहणाऱ्या ८०डब्ल्यूने तो त्रास गेला. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. कोमट ऑइल पातळ होऊन तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. घाटातून आल्या आल्या मात्र हात घालू नका, चटका बसेल. जागा सपाट हवी, नाहीतर लेव्हल चुकते. हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून लाकडाचे गुटके लावा. ४०७ खाली पाठीवर सरकून जाता येतं, त्यामुळे जॅकची गरज पडत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. गिअरबॉक्सच्या बाजूला वरचा नट असतो, तिथून ऑइल भरायचं आणि लेव्हलही बघायची. तळाला असतो तो ड्रेन नट. आधी वरचा सैल होतो का ते बघा. खालचा उघडून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसला असेल तर गाडी जागची हलत नाही. मागच्या वर्षी पुतण्या खालच्या नटाला पाना लावून मोकळा झाला होता. "काका, वरचा निघेलच की," म्हणाला. मी त्याला थांबवलं, आणि वरचा निघायला पाऊण तास लागला. तारेच्या ब्रशने माती काढली, डिझेल सोडलं, हातोडीने हलके ठोके दिले, पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबला आणि मग उलटा फिरवला. 'टक्' असा आवाज आला की समजा सुटला. पाना नटावर घट्ट बसणाराच घ्या. ढिल्या पान्याने कडा गोल झाल्या की मग छिन्नी आणि शिव्या.

दोन्ही नटांभोवतीची धूळ पुसूनच उघडा. खाली तसराळं ठेवा आणि पूर्ण निथळू द्या, पंधरा-वीस मिनिटं.

निघालेलं ऑइल तसंच ओतून देऊ नका. बोटावर घेऊन उन्हात धरा. काळसर असेल तर वयाचं आहे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गेलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर शाईसारखा करडा लेप येतो, तो चालतो. नखाएवढा तुकडा किंवा दाताची कपरी निघाली तर नवं ऑइल भरायच्या आधी मिस्त्रीला दाखवा. सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजताहेत.

ड्रेन नटाला नवा वायसर घालून लावा. पान्याला पाइप लावून लटकू नका, आटे जातात. भरायला हातपंप उत्तम; नसेल तर नरसाळ्याला लांब नळी जोडून वरून सोडा. डबा आधी तासभर उन्हात ठेवा, भराभर उतरतं. वरच्या छिद्राच्या खालच्या ओठावरून थेंब गळू लागला की लेव्हल झाली. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा. कमी भरलं तर वरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर ऑइल उडत नाही. जास्त कोंबलं तर फेस होतो, सीलमधून बाहेर येतं आणि क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो आणि गाडी चढाला ओढत नाही.

गिअरबॉक्सच्या माथ्यावरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, तोही साफ करा. तो चिखलाने बुजला की आत हवा कोंडते आणि चांगलं सीलही गळायला लागतं.

एक फेरी मारा, गाडी थंड होऊ द्या, नटांखाली कोरडी चिंधी फिरवा आणि लेव्हल पुन्हा एकदा तपासा. जुनं ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या, बांधावर ओतू नका. आमच्या बांधापलीकडेच विहीर आहे.