पिऊन आलेला कलाकार आणि हेडफोनमधली टिकटिक: नव्या रेकॉर्डिस्टसाठी

शिवजयंती ते 14 एप्रिल या दिवसांत मराठवाड्यातल्या छोट्या स्टुडिओंना दम खायला फुरसत नसते. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर, सगळीकडे तेच. शिवगीतं, भीमगीतं, मधेच कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं, डीजेवाल्यांना तातडीने हवा असलेला ट्रॅक. या धांदलीत एक दिवस तुमच्या दारात असा माणूस उभा राहणार, ज्याचा गळा किंवा ज्याची ढोलकी तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात, आणि त्याच्या तोंडाला वास येत असणार. माईक, इंटरफेस, गेन हे तुम्हाला येतंच. समोरचा माणूस प्यायलेला असेल तर काय करायचं, हे कोणत्याही कोर्समध्ये सांगत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. कलाकार म्हटला की पिणाराच, हा समज खोटा आहे आणि तो आपल्या लोकांचा अपमान आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक वादक घरून डबा घेऊन येतात आणि काम झालं की लेकरांच्या शाळेच्या वेळेला घरी पळतात. जागरण-गोंधळ करून किंवा माळेगावच्या यात्रेतला कार्यक्रम उरकून थेट आलेला माणूसही डोळे लाल, जीभ जड असाच दिसतो. मधुमेह असलेल्याची साखर एकदम उतरली तर त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की घेऊन आलाय. वास नसताना असं दिसलं तर आधी विचारा, “अण्णा, जेवलात का? शुगर आहे का?” आणि शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर साखरेचं पाणी द्या. नशेचा शिक्का मारायची घाई करू नका.

खरंच घेऊन आलेला असेल, तर मात्र एका गोष्टीवर ठाम राहा. “थोडी घेतल्याशिवाय सूर लागत नाही” असं सांगणारे वस्ताद तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडून ठेका शिका, तोडे शिका, हे वाक्य शिकू नका. दारू सगळ्यात आधी आपल्या चुका पारखायची ताकद काढून घेते आणि त्या जागी आत्मविश्वास भरते. सूर तेवढाच हलतो किंवा जास्त हलतो, फक्त गाणाऱ्याला तो हललेला कळत नाही. गांजाचं आणखी वेगळं. त्यात वेळच ताणल्यासारखी वाटते, म्हणून वादकाला आपण ठेक्यात बसलोय असं मनापासून वाटत असतं आणि लय भलतीकडे गेलेली असते.

प्यायलेला गायक जोरात गातो आणि हळूहळू माईकला चिकटतो. गेन खाली ठेवा. 24 बिटवर रेकॉर्ड करताय, पीक, म्हणजे आवाजाची सगळ्यात वरची टोकं, उणे 12 डीबीच्या आसपास राहिले तरी काही बिघडत नाही. पॉप फिल्टर माईकपासून वीतभर दूर बांधा, म्हणजे तो पुढे सरकला तरी फिल्टरला अडेल. हे सोपं आहे, दोन दिवसांत जमतं.

आता जिथे मी अडकलो, ते नीट सांगतो. कंटाळा आला तरी वाचा.

दारूने ऐकू येणंही काही तासांपुरतं बोथट होतं. त्यामुळे प्यायलेला माणूस बूथमध्ये गेल्यावर पहिलं काय मागत असेल, तर हेडफोनचा आवाज, त्यातही लय धरायला वाजणाऱ्या टिकटिकीचा, म्हणजे क्लिकचा. “आरं, टिकटिक ऐकूच येईना गेलीय, वाढव की जरा.” तुम्ही वाढवता. दोन मिनिटांनी पुन्हा, “अजून.” समोर ज्येष्ठ माणूस, नाही कसं म्हणणार? त्यात त्याला स्वतःचा आवाज मोकळा ऐकायचा असतो, म्हणून तो एका कानावरचा हेडफोन मागे सरकवतो. आता त्या उघड्या कपातून क्लिक बाहेर पडतोय, आणि वीतभरावर तुमचा कंडेन्सर माईक आहे. तो क्लिक गळ्याच्या ट्रॅकमध्ये छापला जातो.

त्या क्षणी तुम्हाला हे कळत नाही. कंट्रोल रूममध्ये तुम्हीही तोच क्लिक ऐकत असता, सोबत रिदम, पेटी, कोरस वाजत असतो. एका शाहिरांचं गाणं होतं. सुरुवातीला ठेक्याविना दोन ओळी, नुसती पेटी आणि गळा, मग ढोलकीचा तोडा पडून गाणं उठायचं. त्या दिवशी ते घेऊन आले होते, पण त्या दोन ओळी त्यांनी अशा म्हटल्या की बाहेर बसलेले कोरसवाले गप्प झाले. मिक्सला बसलो, क्लिक बंद केला, ढोलकी म्यूट केली, आणि त्या दोन ओळींच्या मागे बारीक टिक, टिक, टिक.

ते निघत का नाही, हे समजून घ्या. क्लिकचा आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, साधारण एक ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि आपली च, त, ट, स ही व्यंजनंही तिथेच राहतात. नॉइज काढायच्या प्लगइनने क्लिक खरवडायला गेलात की शब्दांची टोकं जातात. कॉम्प्रेसर लावला की हळू आवाज वर येतात, म्हणजे टिकटिकही वर येते. रिव्हर्ब टाकला की प्रत्येक टिकला शेपूट फुटतं. डीजेच्या भिंतीवर हे कुणाला कळणार नाही, पण आज गाणं मोबाईलला इयरफोन लावून ऐकतात, तिथे स्पष्ट कळतं. शाहिरांना पुन्हा बोलावलं, ते न पिता आले, चांगलं गायले, पण त्या दिवशीचा फुटलेला, ओढलेला आवाज वेगळाच होता. शेवटी त्या ओळींखाली तंबोऱ्याचा जाड सूर भरला आणि टिकटिक झाकली. नुसत्या गळ्यासाठी बांधलेली जागा होती ती. तिचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कुणी “वाढव” म्हटलं की क्लिक वाढवू नका, बाकीचं कमी करा. पेटी खाली घ्या, कोरस काढून टाका, क्लिक आपोआप वर वाटतो. क्लिकचा टोकदार बीप बदलून त्या जागी खुळखुळ्याचा किंवा मंजिरीचा लूप लावा. वादकाला तो धरायला सोपा जातो, आणि थोडा गळला तरी वाद्यासारखा वाटतो. हेडफोन बंद पाठीचाच द्या. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर कोणता कान झाकलेला राहतो ते विचारा आणि हेडफोन मिक्समध्ये फक्त त्याच बाजूला आवाज पाठवा, उघड्या कपात काहीच जाता कामा नये. जिथे ठेका नाही तिथे क्लिकचं ऑटोमेशन करून तो बंदच करा. आणि पहिला टेक झाला की लगेच, कलाकार बूथमध्ये असतानाच, त्याचा ट्रॅक सोलो करून, म्हणजे बाकी सगळं बंद करून, ओळींमधल्या रिकाम्या जागा ऐका. अर्धं मिनिट लागतं. गर्दी असो, निर्माता घड्याळ दाखवत असो, हे अर्धं मिनिट सोडू नका.

ढोलकीला तर याहून कडक नियम लावा. प्यायलेल्या वादकाचा ठेका पाया म्हणून ठेवूच नका. वरचा गळा बदलता येतो. पण हलणाऱ्या ठेक्यावर कीबोर्ड, कोरस आणि गायक चढले की सगळेच त्याच्या झोकांड्या धरून गातात, आणि नंतर ठेका सरळ केला तर बाकी सगळे वाकडे पडतात. त्या दिवशी ताल मशीनवर प्रोग्रॅम करून काम पुढे न्या, खरी ढोलकी दुसऱ्या दिवशी वाजवून घ्या.

“मेलोडाइन आहे ना, करून घेऊ” असं म्हणत सूर सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने सेशन रेटू नका. सूर ओढून आणता येतो. “राष्ट्र”, “क्रांती”, “स्वातंत्र्य” म्हणताना जिभेवर पसरलेलं जोडाक्षर कुठलंच सॉफ्टवेअर उभं करून देत नाही. आणि गाण्यात शब्द गेला की शाहिरीत उरतं काय?

उतारा म्हणून लिंबू, ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी, हे सगळं तुम्हाला सुचवलं जाईल. कॉफीने माणूस जागा होतो, उतरत नाही. दारू लिव्हर आपल्या चालीने पचवतं, 30 मिलीच्या एका पेगला साधारण तासभर, कधी जास्तच. क्वार्टर म्हणजे 180 मिली, म्हणजे सहा पेग. दुपारी दोनला क्वार्टर संपवलेला माणूस रात्री आठच्या आधी उतरणार नाही, हा हिशोब मनात करा आणि त्यावरून ठरवा. साधं पाणी मात्र भरपूर द्या. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, आवाज नको म्हणून टेकच्या वेळी एसी बंद असतो, आणि बंद बूथमध्ये प्यायलेल्या माणसाला चक्कर यायला वेळ लागत नाही. दर दोन टेकना दार उघडा.

नाही कसं म्हणायचं? चारचौघांत म्हणू नका. कोरससमोर “तुम्ही प्यायलात” म्हटलं की तो माणूस तुमच्याकडे पुन्हा येत नाही, किंवा भांडतो. मी म्हणतो, “मामा, आज डमी करू, चाल पक्की करू, फायनल परवा सकाळी.” डमी रेकॉर्ड जरूर करा, फाइलच्या नावात तारीख आणि डमी हा शब्द टाका. कधीकधी त्यातली एखादी हरकत नंतर उपयोगी पडते. निर्मात्याला मात्र बाजूला घेऊन खरं सांगा, कारण भाडं तो भरतोय. डमीच्या वेळेचं भाडं घेणार की नाही, हे बुकिंगच्या दिवशीच बोलून ठेवा.

कोरसला मुली असतील आणि कुणाची जीभ किंवा हात सैल सुटत असेल, तर तिथे मामा-अण्णा संपलं. सेशन त्याच मिनिटाला थांबवा आणि आधी मुलींना घरी पोहोचवायची सोय करा. कितीही मोठं नाव असो.

काही जुने स्टुडिओवाले कलाकार खूश राहावा म्हणून कपाटात बाटली ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. गांजाचं तर कायद्यानेही अंगावर येतं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 25 नुसार, जाणूनबुजून आपल्या जागेत असा गुन्हा होऊ दिला तर जागेच्या मालकालाही शिक्षा आहे. गच्चीवर झालं म्हणून सुटका नाही.

रोज पिणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी, आणि तिथे नवी पोरं उत्साहाने घात करतात. सकाळी त्याचे हात थरथरतात, थाप नीट पडत नाही. तुम्ही म्हणता, “मामा, आठ दिवस एकदम बंद करा, मग रेकॉर्डिंग करू.” वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं काम आहे. तुम्ही सोडायला लावू नका आणि पेलाही भरून देऊ नका. त्याला स्वतःला सोडायची असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर द्या, तो मोफत आहे, मराठीत बोलतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून दारू सोडवायचं काम करतंय. तुम्ही रेकॉर्डिस्ट आहात, एवढं केलंत तरी खूप केलंत.

एखादा आडवाच झाला तर त्याला उताणा झोपवू नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि कुणीतरी जवळ बसा. हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा थांबून थांबून चालला असेल, अंग गार पडलं असेल तर 108 लावा. हातभट्टीची घेतली असेल आणि डोळ्यांपुढे धूसर दिसतंय म्हणाला, तर झोपवून वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. भेसळीच्या दारूतलं मिथेनॉल डोळे घेतं, जीवही घेतं. चालता येतंय म्हणून गाडीची किल्ली हातात देऊ नका. इथून गाव 30 किलोमीटर, हायवेवर रात्री ऊस भरलेल्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवा, सतरंजी टाकून द्या. चिडला तरी चिडू द्या.

पैसे आणि कागद त्या दिवशी करायचे नाहीत. मानधन ठरल्याप्रमाणे पूर्णच द्या, पिऊन आला म्हणून कापू नका, फक्त दुसऱ्या दिवशी द्या, जमलं तर घरच्यांच्या समोर. गाण्याचे हक्क लिहून घ्यायचे असतील तर निर्माता घाई करेल, “आत्ता मूडमध्ये आहे, सही घेऊन टाक.” घेऊ नका. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 12 मध्ये हेच उदाहरण दिलंय: अटी समजणार नाहीत इतका प्यायलेला माणूस त्या अवस्थेत करार करू शकत नाही. म्हणजे ती सही कोर्टात टिकणारी नाही, आणि ज्याचं गाणं आहे त्याच्यावर अन्यायही आहे. परवा सकाळी तो फायनलला येईल तेव्हा चहा होऊ द्या, कागद मोठ्याने वाचून दाखवा, रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, एक प्रत त्याच्या खिशात द्या आणि मग बूथचं दार उघडा.