कॅरॅव्हॅनच्या टपावरचं रबर बदलायचंय? आधी खालचा प्लाय बघा

टपातून पाणी गळायलंय म्हणलं की बरेच जण डांबर नाहीतर सिलिकॉन थापून मोकळे होतात. असं करू नका. टपावर जे ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं त्याला डांबर, ग्रीस, पेट्रोल सोसत नाही, ते फुगतं, आणि सिलिकॉनवर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही. जागोजागी चिरलं असेल तर सरळ पूर्ण शीट बदला, साधारण १.१ ते १.५ मिमी जाडीची मिळते.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात लातूर-नांदेड-परभणीकडं पारा ४२ च्या वर जातो, तापलेल्या टपावर गोंद पसरेस्तोवर वाळतो, आणि फेब्रुवारी-मार्चमधी गारपिटीचा काही भरवसा नसतो.

बॅटरी आणि बाहेरून येणारी विजेची लाइन बंद करा, सोलर पॅनल झाका, मग वायरिंगचे फोटो काढून एसी, व्हेंट, पॅनल, कडेच्या पट्ट्या सगळं उतरवा. जुनं रबर सोलून काढा.

आता खरं काम. प्लायवर आडवी फळी टाकून गुडघ्यावर फिरा, हातानं दाबत आणि स्क्रू ड्रायव्हर टोचत जा, खासकरून व्हेंटच्या भोवती न कोपऱ्यात, आणि मऊ लागलं तर घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून तेवढ्याच जाडीचा आयएस ७१० मार्कचा (हे मरीन प्लायचं भारतीय मानक) मरीन प्लाय बसवा. ओल्या प्लायवर रबर टाकलं की ओल आत कोंडते आणि नवीन रबराखाली लाकूड कुजत राहतं, म्हणून घाई अजिबात नको, दिवसा उघडं ठेवा, रात्री दव पडतं तेव्हा ताडपत्री टाका. कोरडं झालं की सांधे घासून घ्या, स्क्रूची डोकी आत बसवा.

शीट अर्धा तास पसरून ठेवा म्हणजे घड्या सुटतात. वारं असेल तर त्या दिवशी राहू द्या. अर्धी शीट मागं दुमडून प्लायवर वॉटर-बेस्ड गोंद रोलरनं लावा, शीट सोडत मधून कडेकडं दाबत जा, मग दुसरी अर्धी तशीच. बारीक फुगे टोचू नका, बरेचसे आपोआप बसतात.

व्हेंटच्या भोकावर फुलीसारखी चीर देऊन कडा आत मुडपा, ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), त्यावर फिटिंग, स्टेनलेसचे स्क्रू आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं सीलंट. उभ्या कडेला मात्र न ओघळणारं सीलंट लागतं.

सीलंट ट्यूबवर लिहिलंय तितकं वाळू द्या, मग पाइपनं टपावर भरपूर पाणी सोडून आतून छत चाचपा. आणि दरवर्षी मृग लागायच्या आधी सगळे जोड एकदा बघून घ्या.