सर्च क्लस्टर उभा करताना: तीन मशीनपासून सुरुवात, मग चौथं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंप आणि मशीनचे पार्ट विकणाऱ्या एका दुकानाचा कॅटलॉग आम्ही ऑनलाइन केला तेव्हा पहिलं कळलं ते हे की गिऱ्हाईक कॅटलॉगमधलं नाव कधीच जसंच्या तसं टाइप करत नाही. कोण 'बेरिंग' लिहितो, कोण 'बेअरिंग', फौंड्रीवाला नुसता बेरिंगचा नंबर '6205' टाकतो. साध्या डेटाबेसला हे जमेना म्हणून इलॅस्टिकसर्च हे सर्चचं सॉफ्टवेअर घेतलं. खाली जे लिहितोय ते त्याचंच आहे, पण 2021 ला त्याच्या 7.10.2 व्हर्जनपासून वेगळं झालेलं ओपनसर्च वापरत असाल तरी बरंचसं लागू पडेल, काही सेटिंगची नावं आणि सिक्युरिटी लावायची पद्धत तेवढी वेगळी आहे.

पहिला प्रश्न मशीन किती. तीन घ्या, दोन नको. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटात, एक मास्टर (गटाचा कारभार बघणारं मशीन) असतो, तो मतदानानं ठरतो आणि त्याला बहुमत लागतं. तिघांतलं एक पडलं तरी उरलेल्या दोघांचं बहुमत होतं आणि काम चालू राहतं. दोनच असतील तर मत एकाकडंच राहतं, ते पडलं की दुसरं चालू असूनही सगळं थांबतं, म्हणजे डबल खर्च करून भरवसा एका मशीनएवढाच. आणि तिन्ही मशीन एकमेकांजवळच्या नेटवर्कवर ठेवा, एक कोल्हापुरात आणि दोन लांब कुठंतरी असं केलं की ती सारखी एकमेकांची वाट बघत बसतात.

इन्स्टॉल करायच्या आधी लिनक्सवर दोन गोष्टी: स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) बंद करा, आणि कर्नलचं मॅक्स मॅप काउंट कमीत कमी 262144 करा, नाहीतर नेटवर्कवर लावलेला नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) चालूच होत नाही. हीप मेमरी (इलॅस्टिकसर्चच्या जावासाठी राखलेली रॅम) एकूण रॅमच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. उरलेली रॅम वाया जात नाही, खाली शोधण्याचं खरं काम करणारं जे ल्युसीन आहे ते फाइली वाचायला ऑपरेटिंग सिस्टीमचा कॅश वापरतं, तिथंच खरा स्पीड मिळतो. म्हणजे 16 जीबीच्या मशीनला हीप 8, आणि मशीन कितीही मोठं असलं तरी हीप 31 जीबीच्या आसपास थांबवा, त्याच्या वर जावाचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) मोठे होतात आणि वाढवलेली मेमरी त्यातच जाते.

इलॅस्टिकसर्चच्या 8 व्हर्जनपासून सिक्युरिटी आपोआप चालू असते. पहिला नोड चालू केला की त्यावर नवीन नोडसाठी एनरोलमेंट टोकन (क्लस्टरमध्ये सामील व्हायचा परवाना) बनवायचं, ते 30 मिनिटंच चालतं, म्हणून दुसरं मशीन तयार ठेवूनच बनवा. उबंटूवर पॅकेजनं टाकलं असेल तर दुसऱ्या मशीनवर सर्व्हिस पहिल्यांदा सुरू करायच्या आधीच ते टोकन लावायचं, आधी सुरू केलं की ते स्वतःचाच वेगळा क्लस्टर करून बसतं. माझी अख्खी संध्याकाळ मात्र वेगळ्याच गोष्टीत गेली: पहिल्या नोडच्या वायएमएल (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'ट्रान्सपोर्ट होस्ट'ची ओळ कॉमेंट केलेली असते, ती उघडली नाही तर बाकीचे नोड 9300 पोर्टवर पोचतच नाहीत, आणि आपण बसतो फायरवॉल तपासत. सगळे जोडले गेले की सुरुवातीच्या मास्टर नोडची यादी असते ती ओळ काढून टाका, ती फक्त पहिल्या वेळेपुरती असते. आणि 9200 पोर्ट, जिथं सर्चच्या विनंत्या येतात, तो इंटरनेटवर उघडा ठेवू नका, पासवर्ड असला तरी.

आता शार्ड, म्हणजे इंडेक्सचे (शोधायच्या डेटाच्या साठ्याचे) तुकडे, इथं घाई करू नका. मूळ तुकडा प्रायमरी, त्याची कॉपी रेप्लिका. इंडेक्स तयार करताना प्रायमरी शार्ड किती ते ठरतं आणि नंतर तो आकडा सहज बदलत नाही, इंडेक्स स्प्लिट तरी करावा लागतो नाहीतर नवीन करून सगळा डेटा परत भरावा लागतो. रेप्लिका मात्र कधीही कमीजास्त करता येतात. एक शार्ड साधारण 10 ते 50 जीबीत ठेवावा. पार्टचा कॅटलॉग चार लाखांचा असला तरी एका शार्डात आरामात बसतो, त्याला दहा शार्ड केले तर प्रत्येक सर्च दहा ठिकाणी जाऊन उत्तरं गोळा करत बसणार, वेळ वाढणार. आम्ही एक प्रायमरी आणि दोन रेप्लिका ठेवल्या, म्हणजे तिन्ही मशीनवर पूर्ण कॉपी. शोधणारे वाढले की रेप्लिका वाढवा, लिहिणं आणि डेटा वाढला तर प्रायमरी. हे दोन वेगळे आजार आहेत, औषध एक नाही.

मराठीसाठी तयार (मजकुराचे शब्द शोधासाठी सारखे करणारा) अ‍ॅनालायझर नाही. हिंदीचा आहे पण तो अख्खा लावू नका, त्यात हिंदी स्टॉपवर्ड (गाळायचे नेहमीचे शब्द) आणि हिंदी प्रत्यय तोडणं येतं. त्यातलं फक्त हिंदी नॉर्मलायझेशनचं फिल्टर घ्या. ते दीर्घ ऊकार ऱ्हस्व करतं, त्यामुळं 'कोल्हापूर' आणि 'कोल्हापुर' एकच होतं, आणि 'दुसऱ्या' मधला ऱ्या दोन पद्धतीनं टाइप होतो तेही जुळतं. 'कोल्हापुरात' मात्र जुळत नाही, 'ात' तसाच राहतो, त्यासाठी आम्ही नेहमीच्या शब्दांची यादी हातानं बनवली. बेरिंग-बेअरिंग सिनोनिममध्ये (एकच अर्थाच्या शब्दांच्या यादीत) टाका, आणि सर्चच्या वेळेला लागणारे ठेवा म्हणजे यादी बदलली तरी डेटा परत भरावा लागत नाही. अ‍ॅप्लिकेशनमध्ये इंडेक्सचं खरं नाव कधीच लिहू नका, अलियस (टोपणनाव) द्या, उद्या नवीन इंडेक्स केला की अलियस तिकडं वळवला की झालं, गिऱ्हाइकाला कळतही नाही.

डिस्कवर लक्ष ठेवा, हे मी कळकळीनं सांगतोय. 85 टक्के भरली की त्या नोडवर नवीन शार्ड येत नाही, 90 ला असलेले दुसरीकडं हलवायला लागतो आणि 95 ला त्या नोडवरच्या इंडेक्सवर लिहिणं बंद. दिवाळीच्या आधी आमचं असंच झालं, सर्च झकास चालू पण नवे भाव चढेनात, दुकानातून सारखे फोन. कारण काय तर त्याच डिस्कवर साठलेले जुने लॉग. लॉग उडवले, जागा झाली, ब्लॉक आपोआप निघाला.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून इंडेक्स डिलीट केला तर तो तिन्हीकडून जातो. स्नॅपशॉट (इलॅस्टिकसर्चचा स्वतःचा बॅकअप) घ्या, आणि तो शहराबाहेर ठेवा. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं आपण बघितलंय, त्या दिवसात हार्ड डिस्क घेऊन कोण कुठं जाणार. डेटा फोल्डर नुसतं कॉपी करून ठेवलं तर ते परत चालू होईल याचा भरवसा नाही.

चौथं मशीन कधी घ्यायचं? सीपीयू रोज तासन्‌तास वर, किंवा हीप खाली उतरतच नाही असं दिसलं की. टोकननं जोडा, रेप्लिकाही वाढवा, नाहीतर नवीन मशीन रिकामंच बसतं. चौथ्याला मास्टरचा रोल देऊ नका, मतदार तीनच पुरे. एखादं मशीन काढायचं असेल तर थेट बंद न करता आधी त्याचा आयपी अ‍ॅलोकेशनच्या एक्स्क्लूड सेटिंगमध्ये टाका, शार्ड बाकीच्या मशीनवर जायला लागतात, जेवढ्या कॉपी तेवढी मशीन उरत नसतील तर त्याआधी रेप्लिका कमी करा. मग कॅट शार्ड्स (कुठला शार्ड कुठं आहे ते दाखवणारी कमांड) लावून बघत बसा, त्या मशीनचं नाव यादीतून पूर्ण गेलं की मगच स्विच ऑफ.